न पोचलेल्या पत्रांची विचारपूस

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली ही गोष्ट. शाळेला सुट्टी लागली होती आणि रिकाम्या कार्यालयात बसून मी शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे काम उरकीत होतो. तोच दूरध्वनी वाजला. पलीकडून आवाज आला, "अरे, मी बोलतेय. ओळखलंस का?"

न ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या आवाजाने मला वर्गात उभे करून ऱ्हस्व-दीर्घाचे नियम वदवून घेतले होते, तो आवाज चाळीस वर्षांनीही माणसाला खुर्चीतून उठवून उभा करतो. बाई आता ऐंशीच्या घरात आहेत. निवृत्तीनंतर बेळगाव सोडून त्या पुण्याला मुलाकडे राहायला गेल्या. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या आणि मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "एक विचारू? माझं नाव तुम्ही यादीतून काढलंत का रे? माझं काही चुकलं का?"

"छे, बाई! तुमचं नाव कोण काढील?" मी ठामपणे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सर गेल्याचं मला परवा कळलं. तेही एका लग्नात, कुणाच्या तरी तोंडून. बावीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला रे."

सर गेले ते फेब्रुवारीत. ती वार्ता मीच यादीवर कळवली होती, शोकसभेची वेळही मीच कळवली होती. संध्याकाळी घरी येऊन यादी उघडून पाहतो, तो बाईंचे नाव खरोखरच तीत नव्हते. ते कोणी काढले, केव्हा काढले आणि का काढले, याचा शोध घेण्यात माझे पुढचे आठ दिवस गेले. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, असे वाटते. कारण इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, कोठेही मराठी माणसांचे मंडळ असले की त्याची अशी एखादी यादी असते आणि ती सांभाळणारा माझ्यासारखाच कोणी हौशी, अर्धशिक्षित व्यवस्थापक असतो.

यादी कशी चालते?

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची ही ई-मेलची यादी, म्हणजे ज्याला मेलिंग लिस्ट म्हणतात ती. सुमारे तीनशे माणसे तीत आहेत. कोणी पुण्या-मुंबईला, कोणी गोव्यात, कोणी बंगळूरला, काही आखातात. यादीला स्वतःचा एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर एकाने पत्र धाडले की संगणकावरचा एक प्रोग्रॅम त्याच्या तीनशे प्रती काढून तीनशे जणांकडे रवाना करतो. व्हॉट्सअ‍ॅप असताना हा खटाटोप कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. त्याचे उत्तर असे की, व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळच्या सुप्रभाताखाली दुपारचे निधनवृत्त गाडले जाते. ई-मेलचे पत्र दहा वर्षांनीही काढून वाचता येते. शिवाय बाईंच्या पिढीतल्या अनेकांना पत्रासारखे पत्रच हवे असते.

ही कल्पना जुनी आहे. रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला ई-मेल पाठवला तो १९७१ साली. १९८६ मध्ये पॅरिसमध्ये शिकणाऱ्या एरिक टॉमस यांनी 'लिस्टसर्व्ह' हा यादी चालवणारा प्रोग्रॅम लिहिला. पुढे १९९०च्या दशकात जॉन व्हिएगा यांनी 'मेलमन' नावाचा प्रोग्रॅम रचला आणि बॅरी वॉर्सा यांच्या नेतृत्वाखाली तो वाढला. मेलमन विनामूल्य आहे आणि जगभरच्या असंख्य संस्था तो वापरतात. आमची यादीही मेलमनच्याच २.१ या जुन्या आवृत्तीवर चालते. तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये आली, पण आमच्या एका माजी विद्यार्थ्याने नऊ वर्षांपूर्वी जे बसवून दिले, त्यावरच आम्ही समाधानी आहोत.

पत्र परत कसे येते?

साध्या टपालातले पत्र पोचले नाही, तर पोस्टमन त्यावर शेरा मारतो. 'पत्ता अपुरा', 'घर सोडून गेले', 'घेण्यास नकार'. मग ते पाठवणाऱ्याकडे परत येते. पाठवणाऱ्याचाही पत्ता नसला तर ते 'रिटर्न्ड लेटर ऑफिस' नावाच्या टपालखात्याच्या कचेरीत जाते. पूर्वी तिचे नाव 'डेड लेटर ऑफिस' असे होते.

ई-मेलचेही थेट असेच आहे. पत्र परत येण्याला 'बाउन्स' म्हणतात. ई-मेल पोचवण्याचे मूळ नियम १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहून ठेवले. त्यानुसार घेणारा सर्व्हर प्रत्येक पत्राला तीन आकडी उत्तर देतो. पहिला आकडा २ असेल तर पत्र स्वीकारले. ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे, थोड्या वेळाने पुन्हा या. ५ असेल तर नकार कायमचा आहे. कधी असेही होते की, दारात पत्र घेतले जाते आणि आत गेल्यावर अडचण कळते. मग घेणारा सर्व्हर स्वतंत्र अहवाल पाठवतो. त्या अहवालाचा नमुना १९९६ मध्ये ठरला आणि २००३ मध्ये सुधारला गेला.

अहवाल इंग्रजीत असतो आणि दिसायला ओबडधोबड असतो. परंतु त्यात पाहण्यासारख्या ओळी तीनच. 'फायनल रेसिपियंट' या ओळीत पत्र कोणाला पोचले नाही ते असते. 'स्टेटस' या ओळीत टिंबे दिलेला एक संकेतांक असतो. 'डायग्नोस्टिक कोड' या ओळीत सर्व्हरने स्वतःच्या शब्दांत दिलेले कारण असते. संकेतांक ५.१.१ असेल तर तो पत्ताच अस्तित्वात नाही. ५.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरला आहे. ५.२.३ किंवा ५.३.४ म्हणजे पत्र आकाराने फार मोठे आहे. ५.७ ने सुरू होणारा अंक म्हणजे नियमाने वा संशयाने पत्र नाकारले आहे. एवढे चार अंक एका कागदावर लिहून भिंतीला लावले, तरी व्यवस्थापकाचे निम्मे काम होते.

आता हा अहवाल कोणाकडे जातो? येथे यादीची एक खुबी आहे. पत्राच्या आत लिहिणाऱ्याचे नाव असते, पण बाहेरच्या पाकिटावर परतीचा पत्ता यादीचा असतो. त्यामुळे परत आलेले पत्र लिहिणाऱ्याला त्रास देत नाही, ते प्रोग्रॅमकडे येते. अहवालाच्या स्वतःच्या पाकिटावर मात्र परतीचा पत्ता मुद्दाम कोरा ठेवलेला असतो. नाही तर परत आलेल्या पत्राचा अहवाल परत, त्या अहवालाचा अहवाल पुन्हा परत, असा खेळ अखंड चालू राहिला असता.

तरीही एक अडचण उरते. समजा, आमच्या एका विद्यार्थ्याने यादीत आपल्या कॉलेजचा जुना पत्ता दिला आहे. त्या पत्त्यावर आलेली पत्रे तो दुसऱ्या पत्त्याकडे वळवतो. तो दुसरा पत्ता बंद पडला, तर अहवालात त्या दुसऱ्या पत्त्याचे नाव येते आणि यादीत तर ते कोठेच नाही! व्यवस्थापक डोके खाजवीत बसतो. यावर डॅनियल बर्नस्टाइन यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तोड काढली. तिला 'व्हर्प' म्हणतात. प्रत्येक सभासदाच्या पाकिटावर परतीचा पत्ता वेगळा लिहायचा आणि त्या पत्त्यातच सभासदाची खूण गुंफून ठेवायची. मग पत्र कोणत्याही वाटेने परत येवो, ते कोणाचे हे पाकिटावरूनच कळते. मेलमनमध्ये ही सोय आहे, ती चालू मात्र करावी लागते.

नाव कसे गळते?

बाईंचे नाव का गेले, हे कळण्यासाठी प्रोग्रॅमचा हिशेब समजून घ्यावा लागतो. मेलमन प्रत्येक सभासदाच्या नावापुढे बाउन्सचे गुण मांडतो. कायमचा नकार आला तर १ गुण, तात्पुरता असेल तर अर्धा. अडचण कोणत्या प्रकारची हे न कळले, तर ती कायमचीच धरली जाते. एका दिवसात दहा पत्रे परत आली तरी गुण एकदाच वाढतात. मूळच्या सेटिंगप्रमाणे बेरीज ५ झाली की त्या सभासदाकडे पत्रे जाणे बंद होते. मध्ये ७ दिवस एकही बाउन्स आला नाही, तर जुने गुण पुसून जातात. पत्रे बंद झाल्यावर 'आपली पत्रे थांबवली आहेत' अशा ३ सूचना ७-७ दिवसांच्या अंतराने जातात. तरीही उत्तर आले नाही, तर नाव यादीतून काढले जाते.

व्यवस्था न्याय्य दिसते. आमच्या शिस्तभंगाच्या नियमांपेक्षा तर पुष्कळच उदार आहे. पण तीत एक विसंगती आहे. त्या तीन सूचना जातात कोठे? ज्या पत्त्यावरून पत्रे परत येत आहेत, त्याच पत्त्यावर! ज्याच्या दाराला कुलूप आहे त्याच्या दाराखालून तीन वेळा चिठ्ठी सरकवायची आणि उत्तर नाही म्हणून त्याचे नाव खोडायचे, असा हा प्रकार.

प्रोग्रॅम बिचारा आणखी काय करणार? त्याच्याजवळ दुसरा पत्ता नसतो. म्हणून तो दर वेळी एक सूचना व्यवस्थापकालाही पाठवतो. 'अमुक सभासदाची पत्रे थांबवली', 'अमुक सभासदाला काढले'. या सूचना मला येत होत्या. इंग्रजीतला तोच तोच मजकूर पाहून मी कंटाळलो होतो आणि त्या थेट एका वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन पडतील अशी तजवीज मीच करून ठेवली होती. मे महिन्यात तो फोल्डर उघडला, तेव्हा त्यात १३७ सूचना न वाचता पडल्या होत्या. बाईंचे नाव त्यात दोनदा होते. यंत्राने मला दोन वेळा सांगितले होते. ऐकले नव्हते ते मी.

छायाचित्रांचा पूर

पण बाईंचा मेलबॉक्स बिघडला कशाने? याचे उत्तर अधिकच लाजिरवाणे निघाले.

डिसेंबरात आमच्या शाळेचा अमृतमहोत्सव झाला. यादीवर छायाचित्रांचा पूर लोटला. मूळ सेटिंगमध्ये पत्राच्या आकाराची मर्यादा ४० केबी असते. त्याहून मोठे पत्र व्यवस्थापकाच्या मंजुरीसाठी अडवून ठेवले जाते. हल्लीच्या मोबाइलवरचे एक छायाचित्र सहज ३ एमबीचे, म्हणजे मर्यादेच्या पाऊणशे पट. साहजिकच प्रत्येक पत्र माझ्यापाशी अडू लागले. "सर, माझा फोटो अजून का दिसत नाही?" अशा तक्रारी सुरू झाल्या. दोन रात्री मंजुऱ्या देऊन मी थकलो आणि मर्यादेच्या रकान्यात शून्य लिहून मोकळा झालो. तेथे शून्याचा अर्थ 'मर्यादा नाही' असा होतो.

सोबत जोडलेली फाइल, म्हणजे अटॅचमेंट, प्रवासात फुगते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मुळात ई-मेल हा साध्या इंग्रजी अक्षरांसाठीच बनला होता. चित्र, गाणे, इतकेच काय पण आपली देवनागरीही त्यातून जात नसे. १९९२ साली नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' नावाचे नियम तयार केले, तेव्हा हे दार उघडले. त्या वर्षीच्या ११ मार्चला बोरेनस्टाइन यांनी आपल्या गायनचौकडीचे छायाचित्र आणि गाणे जोडून एक पत्र पाठवले. पण आत जाणारी फाइल साध्या अक्षरांचा वेष घेऊनच जाते. त्या वेषांतराला 'बेस६४' म्हणतात आणि त्यात मूळच्या ३ भागांचे ४ होतात. ३ एमबीचे छायाचित्र ४ एमबीचे होऊन निघते. ज्या सेवेची मर्यादा २५ एमबी आहे, तिच्यातून प्रत्यक्षात अठरा-एकोणीस एमबीची फाइलच जाऊ शकते, ती यामुळे.

आता ४ एमबीचे एक पत्र तीनशे जणांना गेले, की १२०० एमबी झाले. उत्सवाच्या आठवड्यात रोज अशी दहा-बारा पत्रे जात होती. बाईंचा मेलबॉक्स इंटरनेटच्या जोडणीसोबत मिळालेला, बेताचा. तो आमच्याच छायाचित्रांनी काठोकाठ भरला. मग सलग पाच दिवस पत्रे परत आली. मेलबॉक्स भरणे ही माणसाच्या दृष्टीने तात्पुरती अडचण, पण तो सर्व्हर ५.२.२ असा कायमचा नकार कळवीत होता. पाच दिवसांचे पाच गुण झाले आणि पत्रे बंद झाली. तीन सूचना भरलेल्या मेलबॉक्सवर आपटून परत आल्या. जानेवारी संपण्यापूर्वी नाव गेले. फेब्रुवारीत सर गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू आला आणि त्याने आजीचा मेलबॉक्स रिकामा करून दिला. बाई रोज पत्राची वाट पाहू लागल्या. पत्र येईना, तेव्हा त्यांना वाटले, आपलेच काही चुकले.

आम्ही ज्या उत्सवात बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, त्याच सत्काराच्या छायाचित्रांनी त्यांना यादीतून बाहेर ढकलले होते.

दोष शोधावा कसा?

या आठ दिवसांत जे शिकलो ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, अनेक दिवस एकाच सभासदाचे पत्र परत येत असेल, तर अडचण त्या सभासदाच्या बाजूला आहे. एकाच दिवशी अनेक सभासदांची पत्रे परत आली, तर अडचण आपल्या बाजूला किंवा पत्र लिहिणाऱ्याच्या बाजूला आहे. आमच्या नोंदींत असा एक दिवस सापडला. त्या दिवशी साठाहून अधिक निरपराध सभासदांच्या नावावर एकेक गुण चढला होता. कारण असे की, काही मेलसेवांनी 'आमच्या नावाचे पत्र आमच्या सर्व्हरवरून आले नसेल, तर ते नाकारा' असा जाहीर आदेश दिलेला असतो. या पद्धतीला 'डीमार्क' म्हणतात. खोट्या नावाने पत्रे धाडणाऱ्या भामट्यांना अडवण्यासाठी ती आहे आणि योग्यच आहे. पण यादीचे पत्रही तर लिहिणाऱ्याच्या नावाने, मात्र यादीच्या सर्व्हरवरून जाते! एप्रिल २०१४ मध्ये याहूने आणि पाठोपाठ एओएलने असा कडक आदेश काढला, तेव्हा जगभरच्या याद्या एका रात्रीत अडचणीत आल्या. पत्र लिहिणारा एक आणि गुण चढले भलत्यांच्याच नावावर. त्यानंतर मेलमनमध्ये अशा पत्रांवर प्रेषक म्हणून 'अमुक, यादीमार्फत' असे लिहिण्याची सोय झाली. ती आम्ही चालू केली नव्हती. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांसाठी ओळख पटवण्याचे नियम आणखी कडक केले आहेत, तेव्हा ही सोय प्रत्येक यादीने पाहून घ्यावी.

दुसरी गोष्ट अटॅचमेंटची. "फाइल मिळाली नाही" अशी तक्रार आली की पायरीपायरीने उतरावे. पाठवणाऱ्याने ती खरोखर जोडली होती का? हसू नका, आमच्याकडच्या तक्रारींपैकी बऱ्याच येथेच मिटतात. जोडली असेल, तर मोठ्या आकारामुळे पत्र मंजुरीसाठी अडले आहे का? पत्र गेले पण फाइल गेली नाही, तर यादीची गाळणी चालू आहे का? मेलमनमध्ये कोणत्या प्रकारची फाइल पुढे जाऊ द्यायची हे ठरवता येते. केवळ साध्या मजकुराला परवानगी असेल, तर चित्रे मुकाट्याने गळून पडतात आणि सभासदांना 'सोबत पत्रिका जोडली आहे, सहकुटुंब यावे' एवढाच मजकूर मिळतो. कोठे, केव्हा आणि कोणाच्या लग्नाला यावे, हे मात्र कळत नाही! दिवसभराची पत्रे एकत्र बांधून घेणाऱ्यांना, म्हणजे 'डायजेस्ट'वाल्यांना, साध्या डायजेस्टमध्ये फाइलऐवजी तिचा दुवा मिळतो, तो उघडावा लागतो. प्रोग्रॅमच्या रूपातली फाइल असेल, तर घेणारा सर्व्हर विषाणूच्या भीतीने ती नाकारतो. आणि फाइल पोचली पण मजकूर अगम्य दिसतो, तर तो बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टात असतो. अशा वेळी पीडीएफ करून पाठवणे उत्तम.

कधी उलट तक्रार येते की, प्रत्येक पत्राला एक नको असलेली चिमुकली फाइल जोडलेली दिसते. ती बहुतेक वेळा यादीची तळटीप असते. मूळ पत्र सजवलेल्या मजकुराचे असले, की तळटीप त्यात मिसळत नाही, वेगळी लटकून राहते. तळटीप काढून टाकली की तक्रारही जाते.

तिसरी गोष्ट शून्याची. सूचनांची संख्या ३ ऐवजी ० केली, म्हणजे कोणाचे नाव कधीच जाणार नाही, असे मला वाटले होते. सुदैवाने बदल करण्यापूर्वी शेजारची बारीक टीप वाचली. तेथे शून्याचा अर्थ 'एकही सूचना न देता नाव ताबडतोब काढा' असा आहे! एका रकान्यात शून्य म्हणजे पूर्ण मोकळीक, दुसऱ्या रकान्यात शून्य म्हणजे तत्काळ बडतर्फी. सेटिंग बदलण्यापूर्वी टीप वाचावी, हे मी वर्गात मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून रोज सांगतो. स्वतःला सांगायला इतकी वर्षे लागली.

मग बाउन्सची मोजणी पुरतीच बंद का करू नये? हा मोह मलाही झाला होता. पण तो बरा नव्हे. बंद पडलेल्या पत्त्यांवर पत्रे धाडत राहिले, तर मोठ्या मेलसेवांना आपला सर्व्हर बेजबाबदार वाटू लागतो. काही जुने, सोडून दिलेले पत्ते तर अशा पाठवणाऱ्यांना पकडण्यासाठी सापळा म्हणूनच ठेवलेले असतात. मग आपली चांगली पत्रेही नको असलेल्या पत्रांच्या ढिगात पडू लागतात. नावे काढावी लागतातच. फक्त ती न विचारता काढू नयेत.

आमचा नवा नेम

आता आम्ही चार नेम केले आहेत. छायाचित्रे एका ठिकाणी ठेवायची आणि यादीवर केवळ त्यांचा दुवा द्यायचा. आकाराची मर्यादा ३०० केबी. नाव थांबवण्यापूर्वी प्रोग्रॅमने एक चाचणीचे पत्र धाडावे, ही सोय त्या माजी विद्यार्थ्याकडून चालू करून घेतली आहे. ते पत्र परत आले तरच पुढची पायरी. सूचनांमधले अंतरही ७ दिवसांवरून १५ केले आहे.

आणि चौथा नेम यंत्रात नाही, माझ्या टेबलावर आहे. शाळेच्या आवक-जावक नोंदवहीसारखी एक वही घातली आहे. दर रविवारी सकाळी त्या आठवड्यात ज्यांची पत्रे परत आली त्यांची नावे, संकेतांक आणि कारण तीत उतरवतो. प्रत्येक सभासदाचा किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक मागवून घेतला आहे. नावापुढे दोन रविवार खूण झाली की मी दूरध्वनी करतो.

या दूरध्वनींतून बरेच कळते. एकाने नोकरी बदलली होती. एकीने लग्नानंतर नवा पत्ता घेतला होता. एक सद्गृहस्थ पासवर्ड विसरले होते आणि मुलाला सांगायला संकोचत होते. एका घरी दूरध्वनी पत्नीने उचलला आणि सांगितले की, ते चार महिन्यांपूर्वीच वारले. आम्ही त्यांना चार महिने पत्रे पाठवीत होतो आणि ती मुकाट्याने परत येत होती. त्या पुढच्या रविवारी यादीवर त्यांच्यासाठी दोन ओळी लिहिल्या.

बाईंचे नाव मी त्याच रात्री पुन्हा घातले. दुसऱ्या दिवशी त्यांना सगळा प्रकार सांगितला आणि क्षमा मागितली. फोल्डर, गुण, मर्यादा हे सारे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे तू सूचना वाचल्याच नव्हत्यास. चौथीतही नाही वाचायचास."

आठवड्याने यादीवर त्यांचे पत्र आले. सरांवर लिहिलेले. फळ्यावरचे त्यांचे अक्षर, त्यांचा डबा, पावसाळ्यात गळणाऱ्या वर्गात त्यांनी उभ्याने घेतलेला इतिहासाचा तास. पत्रात एकही अटॅचमेंट नव्हती आणि ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. शोकसभेला तीन महिने झाले होते, तरी दोन दिवसांत त्या पत्राला एकेचाळीस उत्तरे आली.

बाईंच्या पत्राच्या तीनशे प्रतींपैकी चार परत आल्या. ती चार नावे मी वहीत उतरवून घेतली आणि रविवारची वाट न पाहता त्याच संध्याकाळी दूरध्वनी करायला बसलो.